साठीनंतरची पहिली वेबसाइट

पहिल्या बैठकीला संगणक बंद असतो. टेबलावर कोरे कागद, पेन्सिल आणि खोडरबर. वेबसाइट शिकायला आलेल्या ज्येष्ठांना ही थोडी फसवणूक वाटते, पण त्या दीड तासात जे ठरतं त्याच्या जोरावर पुढच्या पाचही बैठका चालतात. प्रत्येकाने एकच वाक्य लिहायचं: ही साइट कोण उघडणार आणि त्याला इथे काय सापडलं पाहिजे. ‘माझी वेबसाइट’ हे उत्तर चालत नाही. ‘इतकी वर्षं ठेवलेल्या झाडांच्या नोंदी नवशिक्यांना नावावरून शोधता याव्यात’ हे चालतं. ‘घराण्याची वंशावळ आणि जुने फोटो, फक्त नातेवाइकांसाठी’ हेही चालतं. त्यातला ‘फक्त’ हा शब्द आम्ही लगेच अधोरेखित करायला लावतो, कारण सगळ्यांना दिसणारी साइट आणि ठरावीक लोकांनाच दिसणारी साइट यांची सेटिंग वेगळी असतात आणि शेवटी घोळ नेमका तिथे होतो.

मग पानं. एक कागद म्हणजे साइटचं एक पान. वर मोठं शीर्षक, खाली कुठे मजकूर, कुठे फोटो, एवढं पेन्सिलीने आखायचं. चार-पाच पानं पुरतात: मुखपृष्ठ, ओळख, मुख्य मजकुराची एक-दोन पानं आणि संपर्क. उत्साहात बारा पानं आखली जातात आणि त्यातली आठ ‘लवकरच येत आहे’ म्हणत कायमची रिकामी राहतात. ज्या पानाचा मजकूर आज हातात नाही, त्याचा कागद आम्ही बाजूला काढून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अडलेली कामं पाहिली तर बोटं चालत नाहीत म्हणून अडलेली त्यात थोडीच निघतात. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींची गल्लत झालेली असते: खातं आणि साइट, कच्चं पान आणि प्रसिद्ध झालेलं पान, बांधायची लिंक आणि बघायची लिंक. वयाचा संबंध फार कमी. वेबची कल्पना मांडणारे टिम बर्नर्स-ली स्वतः १९५५ चे, म्हणजे तेही आता ज्येष्ठच, आणि १९९१ मध्ये जगासमोर आलेली त्यांची पहिली साइट नुसता मजकूर आणि लिंक एवढीच होती. पहिल्या साइटकडून याहून जास्त अपेक्षा धरू नये.

साधन म्हणून आम्ही गूगल साइट्स घेतो. अँड्रॉइड फोन असलेल्या बहुतेकांकडे गूगल खातं असतंच, होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, वेगळं घ्यावं लागत नाही, पानावर जाहिराती येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं. वर्डप्रेस २००३ पासून आहे आणि सामर्थ्याने कितीतरी मोठं आहे. ज्यांना दर आठवड्याला लेख लिहायचा आहे त्यांनी पुढे तिकडे जावंच. पण नवख्याला त्याचा डॅशबोर्ड विमानाच्या कॉकपिटसारखा दिसतो. शिवाय ‘वर्डप्रेस’ या एकाच नावाखाली दोन गोष्टी आहेत: डॉट कॉमवर सगळं तयार मिळतं, डॉट ऑर्गवरून सॉफ्टवेअर घेऊन होस्टिंग आपलं आपण बघायचं. हे उलगडण्यातच एक बैठक जाते. विक्स या तशाच आणखी एका साधनाचे नमुने देखणे आहेत, पण फुकटच्या साइटवर त्यांची जाहिरात राहते आणि एकदा निवडलेला नमुना मागाहून बदलून दुसरा घेता येत नाही. गूगल साइट्समध्ये वाचकांचे अभिप्राय किंवा तारखेप्रमाणे लागणारे लेख मिळत नाहीत. पहिल्या साइटला ते नसलेलं बरं, असं आमचं मत आहे.

दुसरी बैठक पूर्ण खात्याची. कुणालाच आवडत नाही, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. फोन स्वतःहून उघडतो, मेल स्वतःहून दिसते, त्यामुळे पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. बहुधा फोन घेतला तेव्हा मुलाने किंवा नातीने खातं काढून दिलेलं असतं. म्हणून परीक्षा सोपी ठेवतो: संगणकावर ब्राउझरची खाजगी खिडकी, म्हणजे इनकॉग्निटो, उघडायची आणि पहिल्यापासून साइन इन करून दाखवायचं. ज्याला जमत नाही त्याचं त्या दिवसाचं काम तेवढंच. पासवर्ड परत मिळवताना जुना, बंद झालेला मोबाइल नंबर आडवा येतो. ओटीपी जातो, पण कुठे जातो ते कळत नाही. म्हणून खात्यातला नंबर आणि पर्यायी ईमेल त्याच दिवशी तपासून घ्यायचे.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री, सुरू केल्यावर गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येकी ८ अंकी, आणि एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून घ्यायचे, वापरलेला लगेच खोडायचा. फोन हरवला तर हाच कागद उपयोगी पडतो, म्हणून तो फोनच्या कव्हरमध्ये ठेवू नये. असे कागद तिथेच ठेवलेले आम्हाला दिसतात. पासवर्ड वहीत लिहावा का, हा प्रश्न हमखास येतो. लिहावा. कपाटातल्या वहीतला लांब पासवर्ड हा पाच ठिकाणी वापरलेल्या एकाच सोप्या पासवर्डपेक्षा केव्हाही बरा. फक्त वहीच्या पहिल्या पानावर ‘पासवर्ड’ असं लिहू नये.

त्याच बैठकीत पडदा डोळ्यांना सोसेल असा करून घेतो. कंट्रोल दाबून अधिकचं चिन्ह दाबलं की ब्राउझरमधलं सगळं मोठं होतं, कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ मापावर येतं. १२५ टक्के बहुतेकांना मानवतं. छोट्या लॅपटॉपवर १५० टक्क्यांना गेलं की साइट बांधायची उजवीकडची पट्टी जागा खाते आणि पान चिंचोळं होतं. माउसचा बाण संगणकाच्या सेटिंगमधून मोठा करून घ्यावा. आणि दोनदा क्लिक करायची सवय सुटायला हवी. वेबवर जवळजवळ सगळीकडे एक क्लिक पुरतं. गूगल साइट्सच्या रिकाम्या जागेवर दोनदा क्लिक झालं की बाणाभोवती एक गोल चक्र उमटतं, आणि काहीतरी बिघडलं म्हणून हात थबकतो. बिघडलेलं काही नसतं. तो मजकूर किंवा चित्र घालायचा झटपट मेनू आहे, बाहेर एकदा क्लिक केलं की जातो.

प्रत्यक्ष बांधकाम तिसऱ्या बैठकीत सुरू होतं, आणि ते संगणकावरच करावं. फोन साइट बघायला ठेवावा. नवी साइट उघडली की सर्वात आधी नावांचा गोंधळ मिटवायचा, कारण नावं चार आहेत. वर डाव्या कोपऱ्यात असतं ते फाइलचं नाव, गूगल ड्राइव्हमध्ये, म्हणजे आपल्या फाइली ठेवायच्या ऑनलाइन कपाटात, आपल्यालाच दिसणारं. त्याखाली साइटचं नाव, ते वाचकाला दिसतं. पानाच्या मध्ये मोठ्या अक्षरांत असतं ते त्या पानाचं शीर्षक. चौथं नाव पत्त्यातलं, ते प्रसिद्ध करताना विचारलं जातं. चारही ठिकाणी एकच मजकूर लिहिला तरी आभाळ कोसळत नाही, पण ‘शीर्षक बदललं तरी वरचं नाव जुनंच कसं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

उजवीकडे तीन टॅब असतात: इन्सर्ट, पेजेस आणि थीम्स. आधी पेजेसमध्ये जाऊन कागदावरची सगळी पानं नुसत्या नावांनी तयार करायची, मग एकेकात शिरायचं. थीम शेवटी. पहिल्याच दिवशी रंग निवडायला बसलं की दुपार त्यातच जाते. पानाच्या माथ्यावरच्या पट्टीला चार आकार मिळतात, पार पडदा भरून टाकणाऱ्या कव्हरपासून नुसत्या शीर्षकापर्यंत. आम्ही नुसतं शीर्षक किंवा लहान बॅनर सुचवतो. मोठं चित्र संगणकावर भारदस्त दिसतं, फोनवर मात्र मजकूर खाली ढकलतं.

मजकूर थेट साइटमध्ये टाइप करू नये. आधी गूगल डॉक्समध्ये लिहावा, दोनदा वाचावा, आणि मग कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबून साइटमध्ये चिकटवावा. नेहमीच्या कंट्रोल-व्हीने मजकुरासोबत त्याचा जुना रंग, आकार आणि पार्श्वभूमीही येते, आणि पान ठिगळांच्या गोधडीसारखं दिसू लागतं. शीर्षकं ठळक करून भागवू नयेत, यादीतून ‘हेडिंग’ निवडावं. त्याच हेडिंगांवरून साइट आपोआप अनुक्रमणिका बनवून देते, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला त्यांच्याच आधाराने पुढे उडी मारता येते.

आता मराठीचा खास त्रास. अनेकांकडे वर्षानुवर्षं टाइप केलेला मजकूर असतो, पण श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये. तो साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा पसारा दिसतो. मजकूर खराब झालेला नसतो. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते, म्हणजे फाइलमध्ये मुळात इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले आहेत. फॉन्ट गेला की सोंग उतरतं. फॉन्ट बदलत बसून उपयोग नाही. कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणायचा आणि मग मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचायची. रफार भलत्याच अक्षरावर बसतो, पहिली वेलांटी सरकते, जोडाक्षरं फुटतात, ‘ऱ्या’चं काहीतरी भलतंच होतं. वीस पानांच्या मजकुराला हे वाचन दोन-तीन दिवस घेतं. घेऊ द्यावं.

नव्याने टाइप करणाऱ्याने इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांचा स्वतंत्र कीबोर्ड, शिकावा की इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारा कीबोर्ड घ्यावा, यावर आमच्यातच दोन तट आहेत. पन्नासेक पानं लिहायची असतील तर इनस्क्रिप्टचे पंधरा दिवस वसूल होतात, चार परिच्छेदांसाठी नाही. बोटं दुखत असतील तर क्रोममध्ये डॉक्स उघडून टूल्स मेनूतलं बोलून टाइप करणं सुरू करावं आणि भाषा मराठी निवडावी. वेग सावकाश ठेवावा, विरामचिन्हं मागाहून हाताने घालावीत, आणि अनुस्वार मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावेत.

‘फॉन्ट बदलला तरी काही फरक पडत नाही’ ही तक्रारही याच घरातली. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नसली तर ब्राउझर आपल्याजवळचा फॉन्ट उसना घेतो, म्हणून इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी जसेच्या तसे राहतात. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा देवनागरी असलेला फॉन्ट निवडावा. आपल्या लिपीला वर मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर दीडपट ठेवलं तर पान मोकळं वाचता येतं. रंगांबाबत वेब सुलभतेचा जागतिक निकष असा आहे की साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उठाव किमान ४.५ ला १ हवा. मोजायचं नसेल तर फिकट राखाडी आणि पिवळी अक्षरं पांढऱ्यावर घेऊ नयेत, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

ओढून सोडणं, म्हणजे ड्रॅग, हा हात थरथरणाऱ्यांचा शत्रू. बोट मध्येच सुटतं आणि फोटो भलत्या जागी पडतो. मजकुराच्या शेजारी पडला तर दोन रकाने होतात, वर-खाली पडला तर नवा विभाग तयार होतो. इन्सर्टमधल्या ‘टेक्स्ट बॉक्स’वर नुसतं क्लिक केलं तरी चौकट पानात येते, ओढायची गरज नसते. आणि काहीही झालं तरी कंट्रोल-झेड. हे आम्ही पहिल्या पाच मिनिटांत शिकवतो, तेही मुद्दाम पान बिघडवायला लावून. आपण मोडलेलं आपल्याच हाताने परत जोडता येतं हे एकदा दिसलं की क्लिक करण्याआधीचं ‘दाबू का?’ निम्म्यावर येतं. कंट्रोल-झेडने भागलं नाही तर तीन टिंबांच्या मेनूत आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास असतो, उडवलेलं पानही तिथून परत आणता येतं.

चौथी बैठक फोटोंची. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा आणि साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. साइटसाठी लांब बाजू १६०० ठिपके पुष्कळ झाली, फाइल तीन-चारशे केबीवर येते. असे चाळीस मूळ फोटो एका पानावर घातले की पान उघडताना गोल फिरत राहतं आणि वाचक निघून जातो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा आलेला फोटो आधीच आक्रसलेला असतो. छापील अल्बममधला दुर्मीळ फोटो मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावा. जुना फोटो स्कॅन करणार असाल तर ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके: चार बाय सहा इंचाच्या प्रतीचे १२०० बाय १८०० ठिपके मिळतात आणि तेवढे पुरतात. स्कॅनर नसेल तर फोटो काचेबाहेर काढून खिडकीशी, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून टिपावा. आयफोनचे फोटो कधी कधी हेइक प्रकारचे असतात आणि सगळीकडे चढत नाहीत, ते आधी जेपीजी करून घ्यावेत.

फोनने काढलेल्या फोटोत टिपलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरात काढलेल्या फोटोंबाबत तरी चढवण्याआधी ही माहिती काढून टाकावी. नातवंडांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय खुल्या साइटवर नकोत. शोधात सापडलेला सुंदर सूर्यास्त उचलून लावणं हेही नको, तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. स्वतःचा थोडा तिरका आलेला फोटो लावावा.

पीडीएफ किंवा व्हिडिओ ड्राइव्हवरून साइटमध्ये बसवला तर त्याची परवानगी साइटपेक्षा वेगळी राहते. मालकाला तो नेहमी दिसतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. वाचकाला तिथे ‘परवानगी मागा’ असा ठोकळा दिसतो. साइट खुली केली तरी ड्राइव्हमध्ये जाऊन ती फाइलही वेगळी खुली करावी लागते.

संपर्काच्या पानावर मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता घालू नये. त्याऐवजी गूगल फॉर्म बसवावा: नाव, ईमेल, निरोप, बस. उत्तरं आपल्याकडे येतात आणि नंबर टपून बसलेल्यांच्या हाती लागत नाही.

पाचव्या बैठकीत प्रसिद्धी. आधी प्रीव्ह्यू. तिथे फोन, टॅबलेट आणि मोठा पडदा अशी तीन चित्रं असतात. फोनवर रकाने एकाखाली एक येतात, डावीकडचा आधी. ‘उजवीकडच्या फोटोत’ असं लिहिलेलं वाक्य तिथे खोटं ठरतं, म्हणून ‘खालच्या फोटोत’ किंवा सरळ फोटोचं नाव लिहावं. मग पब्लिश. पत्ता ‘साइट्स डॉट गूगल डॉट कॉम’, पुढे ‘व्ह्यू’, आणि त्यापुढे आपण निवडलेलं नाव. हे नाव लहान इंग्रजी अक्षरं, अंक आणि जोडरेघ यांतच बसवावं लागतं. फोनवर सांगता येईल इतकं छोटं ठेवावं, जन्मसाल घालू नये.

इथून पुढे दोन चुका इतक्या नेमाने होतात की आम्ही त्या आधीच फळ्यावर लिहून ठेवतो. पहिली: ब्राउझरच्या पट्टीत दिसणारी, शेवटी ‘एडिट’ असलेली लिंक सगळ्यांना पाठवली जाते. ती बांधकामाची लिंक. मंडळींना प्रवेशाची परवानगी मागावी लागते आणि मालकाच्या मेलमध्ये तशा विनंत्या साचतात. घाबरून ‘सगळ्यांना परवानगी’ दिली तर कुणीही पान बदलू शकतो, हे त्याहून वाईट. वाचकांसाठीची लिंक वर साखळीच्या खुणेवर क्लिक करून मिळते. दुसरी चूक: बदल आपोआप जतन होतात, पण कच्च्या पानात. वाचकाला शेवटचं पब्लिश केलेलंच दिसतं. ‘मी कालच दुरुस्त केलं’ आणि ‘मला जुनंच दिसतंय’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात.

‘फक्त नातेवाइकांसाठी’ असं पहिल्या कागदावर लिहिलेल्यांनी साइट मर्यादित ठेवायची आणि एकेकाचा ईमेल घालायचा. ज्याचं गूगल खातं दुसऱ्याच ईमेलवर आहे, त्याला दार बंद मिळेल. त्याने फोनमध्ये कोणत्या खात्याने साइन इन केलं आहे ते आधी विचारावं.

स्वतःचं डोमेन, म्हणजे डॉट कॉमसारखा स्वतःच्या नावाचा पत्ता, सुरुवातीला नको. पुढे हवंसं वाटलं तर इतकं लक्षात ठेवावं की ते विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं, आणि डॉट कॉमसारखं नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं. ते स्वतःच्याच ईमेलवर घ्यावं. भाच्याच्या ईमेलवर घेतलेल्या नावाची नूतनीकरणाची पत्रं भाच्याकडे जातात, आणि तो ती जाहिरात समजून उडवतो. नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचं पत्र येतं. १५ दिवसांत त्यातल्या लिंकवर क्लिक केलं नाही तर नाव गोठवलं जाऊ शकतं. मात्र ‘तुमचं डोमेन संपतंय, आजच पैसे भरा’ असं पत्र भलत्याच कंपनीकडूनही येतं. ज्याच्याकडून नाव घेतलं त्याच्याच संकेतस्थळावर स्वतः जाऊन तारीख बघावी, पत्रातल्या लिंकवरून कधीच नाही. नाव साइटला जोडल्यावर सगळीकडे दिसायला काही तास, कधी दोन दिवस लागतात. तेवढ्यात पुन्हा पुन्हा सेटिंग बदलत राहणारे स्वतःच गुंता वाढवतात.

सहाव्या बैठकीत तो विषय निघतो जो तरुणांच्या वर्गात निघत नाही: माझ्यानंतर काय? आम्ही तो टाळत नाही. गूगलच्या धोरणाप्रमाणे २ वर्षं वापरात नसलेलं वैयक्तिक खातं बंद होऊन पुसलं जाऊ शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था लावता येते: ३ ते १८ महिन्यांतली मुदत निवडायची आणि जास्तीत जास्त १० माणसं नेमायची, ज्यांना मुदत उलटल्यावर कळवलं जाईल आणि ठरवलेली माहिती मिळेल. साइटला आणखी एक विश्वासू संपादकही जोडून ठेवावा. आणि सगळा मजकूर डॉक्समध्ये, फोटो एका फोल्डरमध्ये, त्याची प्रत पेनड्राइव्हवर. फुकटची जागा ही दुसऱ्याची जागा असते. १९९४ मध्ये सुरू झालेलं, फुकट पानं बांधू देणारं जिओसिटीज लाखो घरगुती पानांसकट ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं, आणि ज्यांनी प्रत ठेवली नव्हती त्यांची पानं गेली.

याच बैठकीत शेवटी आम्ही आपली खुर्ची मागे घेतो. प्रत्येकाने घरच्यासारखं एकट्याने साइन इन करायचं, एक शब्द बदलायचा आणि शेजारच्याच्या फोनवर, खाजगी खिडकीत, मोबाइल डेटावर तो दिसतो का ते बघायचं. दिसला नाही तर पान एकदा ताजं करायचं. तरीही नाही दिसला, तर वर जाऊन पब्लिश पुन्हा दाबायचं.